दुधाची समजलेली दाढ

मित्रांनो, आमच्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवं झालं की समोरच्या कपाटात एक छोटी बाटली दिसते. तिच्या तळाशी पिवळट, मधोमध काळं भोक पडलेली जी बसली आहे, ती मी. मी एक दाढ आहे. तोंडात तीन वर्षं राहिले, बाटलीत पाच. म्हणजे जगण्यापेक्षा मागे उरणंच जास्त झालं.

मी उगवले तेव्हा चिमी सहा वर्षांची होती. तिचा समोरचा दुधाचा दात पडला, तर घरभर कोण कौतुक! माझ्यासाठी मात्र कुठलाच दात पडला नाही. मी आपली सगळ्यांच्या मागे, हिरडीतून गुपचूप वर आले. त्यामुळे मी कायमची आहे, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

कामाला मी चोख होते. गाजर, काकडी, कडक टोस्ट, सगळं माझ्याच पदरात. ब्रश मात्र पुढच्या दातांशी गप्पा मारून परत जायचा. माझ्या खाचांत बिस्किटाचा लगदा तसाच राहायचा. बारीक जंतू ते गोड खायचे आणि आंबट सोडायचे. त्या आंबटाने माझं कवच विरघळू लागलं. आधी खडूसारखा पांढरा डाग आला. तेव्हा थांबवता आलं असतं. मग तो तपकिरी झाला आणि मग भोक पडलं.

"आई, मागे ठणकतंय," चिमी म्हणाली.

आईने तोंडात डोकावून पाहिलं. "दुधाची आहे गं. पडेल आपोआप, नवी येईल."

मावशी तर हसलीच. "पडणाऱ्या दातासाठी कोणी डॉक्टर गाठतं? उद्या नखं काढायला सर्जन बोलावशील!"

आई वाईट नव्हती हो. तिला ठाऊक नव्हतं, एवढंच. आणि मला तोंडात राहूनही बोलता येत नव्हतं.

एका सकाळी चिमीचा गाल सुजला. डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा घालून पाहिलं. "अहो, ही दुधाची नाही. कायमची आहे. पार मुळाशी पू झालाय. आता वाचायची नाही."

जागा बधिर करून त्यांनी मला काढलं. तोंडात कापूस धरून चिमीने विचारलं, "मग नवी कधी येईल?"

आई पर्सची चेन उघडत राहिली, लावत राहिली.

"ही ठेवू का? इतर आयांना दाखवायला," बाईंनी विचारलं. आईने न बघताच मान डोलावली.

खरं सांगू? मी अजून तिथून पुरती गेलेले नाही. चिमीची जीभ त्या रिकाम्या जागेत येते, चाचपते, परत जाते. ते मला इथे कळतं. तिथली शेजारीण माझ्या जागेत कलली आहे, तेही कळतं.

परवा चिमी धाकट्या बहिणीला घेऊन आली. धाकटी आता सहा वर्षांची. आई माझ्याकडे पाठ करून बसली.

"हिची सगळ्यात मागची बघा," चिमी म्हणाली. "दुखत नाहीये, तरी बघा."

बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"पांढरा डाग आहे. भोक नाही. वाचेल."

त्यांनी ती दाढ स्वच्छ केली, तिच्या खाचा औषधाने बुजवल्या. सकाळी आणि झोपताना शेवटच्या दाढेपर्यंत ब्रश, रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी, येता-जाता गोड नाही, असं बजावलं.

"ताई, ती बाटलीतली कोणाची?" धाकटीने विचारलं.

"माझी."

तेव्हा आई वळली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. "माझ्यामुळे गेली."

"चल गं, काहीतरीच!" म्हणत चिमीने तिचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, आज आरशासमोर उभे राहा. तोंड मोठं उघडा आणि अगदी मागे, अंधारात बघा. तिथे कोणीतरी मुकाट्याने येऊन उभी असेल. ती एकदाच येते.