सून शहाणी झाली

दुर्गाला वाटले, आपण आता मरणार. देवासच्या दरबारात कारकुनी करणाऱ्या गोपाळरावांची ही तेरा वर्षांची सून. झोक्यावरून पडल्यामुळे आपल्या पोटात काहीतरी फाटले, अशी तिची खात्रीच झाली. पण लुगड्यावरचा रक्ताचा डाग दिसताच सासूबाईंनी तिला बाजूला बसवले, दारी वाजंत्री बोलावली आणि गल्लीभर साखर वाटली. मखरात बसवून बायकांनी तिची ओटी भरली, गाणी म्हटली.

"पण मला झालंय काय?" तिने रडत विचारले.

"शहाणी झालीस!" म्हणत साऱ्या हसल्या.

जिला काडीचे कळत नव्हते, ती म्हणे शहाणी! अवघ्या गावाला वाजवून सांगितले, आणि तेवढे तिच्यापासून झाकले.

शेवटी धुणे नेणाऱ्या भागीरथीने आपल्या माळवी बोलीत सांगितले, "बेटा, यो तो हर महिने आवेगो. इनसे कोई मरे नी. अब थारे बच्चो हुई सके, बस."

अकरा वर्षांची नणंद कमल आपल्यासारखी घाबरू नये, म्हणून दुर्गाने हे तिला सांगितले. ते कानावर पडताच सासूबाई कडाडल्या, "लाज नाही वाटत असलं बोलायला?"

"वाजंत्री लावलीत तेव्हा कुठे गेली होती लाज?" दुर्गा म्हणाली.

त्या दिवशी तिला जेवण मिळाले नाही. दुपारी कमल परकरात पोळी लपवून घेऊन आली.

"वहिनी, पुन्हा एकदा नीट सांग. मला उद्या शेजारच्या मथूला सांगायचंय."