साहेब आणि तापणारी डबी

दवाखान्याची रुग्णवाहिका सकाळी घोड्यासारखी पळायची आणि ऊन चढलं की भर रस्त्यात मान टाकायची. अर्धा तास विसावली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. एकदा पाय मोडलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आत असताना बंद पडली, तेव्हा बाईंनी झोपल्या झोपल्या ड्रायव्हरला वर्गाबाहेर काढलं.

वाहन विभागाच्या साहेबांनी तातडीने उपाय केले. आधी फिल्टर बदलला, मग बॅटरी, मग टाकी. तरी फरक पडेना, तेव्हा ड्रायव्हर बदलला. 'चालकाची हाताळणी सदोष' असा शेरा मारून जुन्याला गोदामात चादरी मोजायला बसवलं. नव्या ड्रायव्हरच्या हातीही गाडी पहिल्याच दुपारी बंद पडली. साहेबांना एवढंच कळलं, की जुना जाता जाता गाडीला वाईट सवय लावून गेला.

जुना ड्रायव्हर संध्याकाळी तोंड पाडून आपल्या वहिनीच्या कामाच्या टेबलाशी येऊन बसला. वहिनी गाड्यांच्या इंजिनातले डिझेल पंप दुरुस्त करायची. हात कोपरापर्यंत तेलकट, जीभ मात्र धारदार.

"वहिनी, बारा वर्षं गाडी चालवली. आता उशांचे अभ्रे मोजतोय."

"रडू नका भावोजी. बंद पडायच्या आधी गाडी आचके देते का?"

"छे! दिवा विझावा तशी जाते."

"डिझेल अडलं की इंजिन आधी कण्हतं. ही न कण्हता जाते म्हणजे दुखणं विजेचं आहे."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन तिने बॉनेट उघडलं. पंपाच्या अंगावरच तळहाताएवढी काळी डबी स्क्रूने बसवलेली होती. डिझेल कधी सोडायचं, किती सोडायचं, हा पंपाला मिळणारा हुकूम या डबीतून जायचा.

"साहेब, ही इंजिनाच्या कुशीत बसलीय," वहिनी म्हणाली. "वर ऊन, खाली तापलेला पंप. आतले पुर्जे भाजतात, सोल्डरचे टाके सुटतात. गार झाली की टाके पुन्हा टेकतात. डबी नवी घ्या आणि पंपापासून लांब, वाऱ्यावर बसवा."

"कंपनीने ती तिथे बसवली आहे. त्यांचे इंजिनिअर काय मूर्ख आहेत?"

"मूर्ख नसतील. गार खोलीत बसत असतील."

साहेबांची खोली गारच होती, त्यामुळे हे त्यांना झोंबलं. त्यांनी पाच जणांची समिती नेमली. दुपारी ऊन फार, म्हणून समितीने सकाळी आठ वाजता गाडी तपासली. गाडी झकास पळाली. 'दोष आढळला नाही' असा अहवाल आला.

"चोर येतो दुपारी आणि तुम्ही पहारा ठेवता सकाळी," वहिनी म्हणाली. हे नेमकं मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी फर्मान सोडलं: उद्या दुपारी दोन वाजता, साहेबांसकट, पुन्हा चाचणी.

मागचं बाकडं टणक असल्याने साहेब स्ट्रेचरवर पहुडले. 'रुग्णाचं वजन धरायला हवं' असं वर कारणही दिलं. वळणावर घसरू नये म्हणून कमरेला पट्टा बांधून घेतला. भावोजी गाडी चालवायला, शेजारी वहिनी.

चाळीस मिनिटांनी, झाडाचं नावही नसलेल्या रस्त्यावर, गाडी गपकन बंद पडली. आतला गार वाराही थांबला. वहिनीने शांतपणे बर्फाची पिशवी काढली.

"आणा, आणा इकडे! जीव चाललाय माझा!" साहेबांनी दोन्ही हात पुढे केले.

"तुमच्या डोक्यावर ठेवून गाडी सुरू होणार नाही, साहेब."

तिने बॉनेट उघडून पिशवी फक्त डबीवर दाबून धरली. साहेब आत पट्टा सोडवायला धडपडत होते आणि तो काही सुटत नव्हता. भावोजींना तो सोडवता येत होता, पण त्यांचं सगळं लक्ष इंजिनाकडे होतं. पाच मिनिटांनी त्यांनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

आठवड्याभरात नवी डबी पुढच्या बंपरमागे, जाड अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसली. लांब वायर वहिनीने स्वतः ओढली. भावोजी पुन्हा गाडीवर आले. सगळा उन्हाळा गाडी एकदाही थांबली नाही.

पुढे साहेबांनी 'उष्णता आणि विद्युत पुर्जे : माझा शोध' या विषयावर व्याख्यान दिलं. वहिनीला बोलावणं नव्हतं, विनापरवानगी बॉनेट उघडल्याबद्दल समज देणारं पत्र मात्र आलं होतं. ती तरी गेली आणि मागच्या खुर्चीत बसली.

समोर एक इंजिन मांडलं होतं. पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिकाबाई काठी टेकत उठल्या.

"साहेब, यात मूळची डबी कुठे बसायची, जरा बोट ठेवून दाखवा."

साहेबांनी मोठ्या आत्मविश्वासाने तेलाच्या फिल्टरवर बोट ठेवलं.

"बसा खाली," बाई म्हणाल्या.

आणि साहेब खरोखरच बसले.