सांगून जाण्याची रीत

डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कौशल्याबाई अकोल्याला मुलाकडे येऊन दहा दिवस झाले होते. आज सकाळी त्यांच्या वलगावजवळच्या पारधी वस्तीतले नत्थुजी नातीला घेऊन दारात उभे राहिलेले पाहताच त्यांचा ऊर भरून आला.

"आचलचा नर्सिंगले नंबर लागला, बाई. अठीच, अकोल्यात. मनलं, पहिले तुमाले सांगाव."

"पाह्यलं का, सीमा?" बाईंनी सुनेला ऐकवले. "पन्नास वर्सं झाले. रिद्धपूरच्या जत्रेले जायचं असलं तरी हा मले सांगितल्याबिगर गाव सोडत नाई. अशी माया सख्ख्यांत नाई राह्यली आता. चहा टाक. पोहेबी कर. बस रे नत्थु सावकाश."

नत्थुजी उंबऱ्याशी टेकले. आचल मात्र उभीच राहिली. "आजी, बारापर्यंत कागद द्या लागते. आज शेवटचा दिवस हाय."

"शेवटचा? मंग इतके दिवस काय झोपले होते का तुमी?"

"तुमची वाट पाहून राहिलो होतो!" आचलचा आवाज फाटला. "तुमी गावात नव्हत्या. आबा म्हणे, बाईले सांगितल्याबिगर पोरगी गावाबाहेर ठेवता येत नाई. सीट गेली तं जाऊ दे म्हणे! आज मीच हट्टानं अठी आनलं त्यायले. आन् तुमी याले माया म्हणता? हजेरी हाय हे, आजी. हजेरी!"

"आचल!" नत्थुजी कळवळले.

बाईंसमोर असे बोलण्याची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. त्यांनी हात वर केला. "बोलू दे तिले. काय म्हणते हे, नत्थु?"

नत्थुजींची नजर फरशीवर खिळली. "इंग्रजाच्या राज्यात आमची सारी जातच चोर म्हणून कागदावर लिवली होती, बाई. तुमचे सासरे पाटील. हजेरीची वही त्यायच्यापाशी. माहा बाप रोज सांजी तुमच्या ओट्यावर अंगठा लावे. कायदा उठला, पन बापानं सांगणं सोडलं नाई. मीबी नाई. कोनाचं काई गेलं का पोलीस आजबी पहिले आमच्याकडेच येते. तुमाले सांगून गेलो का तुमी पोलिसाले म्हणता, नत्थु गावात नव्हता."

बाई म्हणत होत्या खऱ्या. आणि म्हणताना केवढा मोठेपणा वाटत असे! लेकीच्या बाळंतपणासाठी त्या बाळापूरला गेल्या असताना कोणाचा तरी मोटारपंप चोरीला गेला होता. त्या वेळी नत्थुजींना चार दिवस कोठडीत ठेवले. परतल्यावर बाईंनी वस्तीवर तुपाची बरणी पाठवली आणि आपले कर्तव्य संपले असे मानले. त्यानंतर नत्थुजी अधिकच नियमाने येऊ लागले. त्यालाही बाई मायाच समजल्या.

"म्हणजे माया नव्हती तं?" विचारताना त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"हाय ना, बाई." नत्थुजी म्हणाले. "पन भेव तिच्याहून जुनं हाय."

बाई उठल्या. "सीमा, गॅस बंद कर. गाडी काढ. अर्धा घंटाच राह्यला."

महाविद्यालयाच्या खिडकीत कारकुनाने आचलचे कागद उलटसुलट केले. "गाव कोणतं? सोबत कोण आलंय?"

हिला मी ओळखते, मी पाटलांची सून, हे बाईंच्या ओठांवर आलेच होते. नत्थुजीही आशेने त्यांच्याकडेच पाहत होते. "बाई, तुमी सांगा ना."

कौशल्याबाईंनी ओठांवरचा शब्द गिळला. सोपे नव्हते ते. "तिले बोलू दे, नत्थु," त्या म्हणाल्या.

आचल बोलली. नाव, गाव, जात, बारावीचे गुण, सोबत आलेले आजोबा, सगळे एका दमात. कारकुनाने मान वरही केली नाही. शिक्का उठवला, एक कागद तिच्या हाती दिला आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

"झालं?" नत्थुजींनी विचारले. "मंग जात आयकूनबी कोनी काईच नाई इचारलं?"

"नाई," आचल म्हणाली.

बाईंनी नत्थुजींना हाताला धरून बाकावर बसवले आणि स्वतः शेजारी बसल्या.