रांगेला एकच बिल्ला

तुम्ही बायकांचं पाणी तोडलंत. नळ सुरू आहे, पाणी स्वच्छ आहे, शेजारी पेलेही मांडलेत. पण त्यांनी ते पिऊ नये, याची व्यवस्था तुम्ही चोख केलीत. ती व्यवस्था म्हणजे मी.

मी बिल्ला बोलतोय. तळहाताएवढा, लाकडी, वर भोक आणि भोकात दोरी. शिलाईच्या कारखान्यात, सुपरवायझरच्या टेबलामागच्या खिळ्यावर माझा मुक्काम. जिला बाथरूमला जायचं असेल तिनं टेबलासमोर येऊन मान वाकवायची. सुपरवायझर मला तिच्या गळ्यात घालणार, मग ती जाणार. ती परतेपर्यंत दुसरीनं उठायचं नाही. मशीनची अख्खी रांग आणि बिल्ला एक.

सुतारानं मला खोक्याच्या फळीतून कापलं, तेव्हा विचारलंही होतं, "एक पुरेल का?"

"पुरत नसतो, पुरवायचा असतो," सुपरवायझर म्हणाला होता.

प्रत्येकीला दिवसातून दोन फेऱ्या. बायकांनी त्यावर आपला तोडगा काढला: पाणीच प्यायचं नाही. ओठ सुकले की जीभ फिरवायची. मी त्यांच्या छातीवर लोंबतो, म्हणून मला त्यांची धाप ऐकू येते. जाताना धावतात, येताना धावतात. माणूस असा धावताना मी दुसऱ्या कशासाठी पाहिला नाही.

रांगेत एक कॉलर शिवणारी होती. पोटुशी. डॉक्टरनं तिला बजावलं होतं, भरपूर पाणी पी, लघवी तुंबवू नकोस, नाहीतर बाळाला धोका आहे. आणि कारखान्याची रीत अशी, की पोट दिसलं की फाटक बंद. पगारी रजा द्यावी लागण्याआधीच बाई घरी. म्हणून ती ढगळ अंगरखा घालायची आणि रजेचा हक्क लागू होईपर्यंत कशीबशी तग धरायला बघायची.

मग बायका आपापल्या फेऱ्या तिला देऊ लागल्या. सुरुवात आक्कानं केली. रांगेतली सगळ्यांत थोरली, काज करणारी.

"सर, आज माझी फेरी हिला द्या. हिला जुलाब लागलेत."

"कालपण जुलाबच होते की."

"तुमच्या कँटीनला विचारा. आम्ही काय सांगणार?"

रांग खाली माना घालून हसली. सुपरवायझरनं मला तिच्या गळ्यात घातलं. त्या दिवसांत मला माझी लाज जरा कमी वाटायची.

मग परदेशातून खरेदीदार बाई येणार म्हणून धावपळ उडाली. बायकांना पढवलं गेलं, "आज कुणीही केव्हाही उठा, विचारू नका." मला खिळ्यावरून काढून सुपरवायझरनं खिशात कोंबलं. दोरी तेवढी बाहेर राहिली.

पाहुण्या बाई मशीनच्या रांगेतून फिरत होत्या. मालक मागे, दुभाषी शेजारी. तेवढ्यात कॉलरवाली उठली. दार समोर होतं, उघडं होतं, कुणी अडवणार नव्हतं. पण पायांना ती वाट ठाऊकच नव्हती. ती सरळ टेबलापाशी आली आणि सुपरवायझरसमोर मान वाकवून उभी राहिली.

सगळी मशीनं थांबली. पाहुण्या बाईंनी विचारलं, ही अशी का उभी आहे?

सुपरवायझर गडबडला नाही. "आमच्याकडची पद्धत आहे, मॅडम. वडीलधाऱ्यांना मान देतात."

दुभाष्यानं ते सांगितलं. बाईंचे डोळे पाणावले. आता सांगा, मी काय करावं? खिशातून ओरडावं? बाई पुढे आल्या, त्यांनीही तिच्यासमोर मान वाकवली, तिला मिठी मारली. मिठीत पोट लागलं. बाईंनी प्रेमानं त्यावर हात ठेवला आणि मालकाकडे वळून त्याचं अभिनंदन केलं. गरोदर बाईलाही इथे काम मिळतं, किती छान.

मालकाला ते तेव्हा कळलं. त्यानं हसून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कॉलरवालीला फाटकावरूनच परत पाठवलं. आक्का जाब विचारायला उठली, तर सुपरवायझर म्हणाला, "तुझीपण खुर्ची रिकामी करू का?" आक्का बसली. मी तिला दोष देत नाही. तिच्या पोटावर पाय ठेवून तिला शूर व्हायला सांगणारे तुम्ही कोण? शर्ट घेताना कॉलर ताठ आहे ना, एवढंच तर बघता. ती ताठ करणाऱ्या बाईची मान कितीदा वाकली, हे दुकानात एकदा तरी विचारा. मला मोडून चुलीत घातलं तरी चालेल. मी आनंदानं जळेन.

तिच्या मशीनवर लगेच नवी मुलगी आली. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. दुपारी ती उठली, टेबलासमोर गेली आणि आपणहून मान वाकवली. मी गळ्यात पडलो, तशी तिनं मला बोटांनी चाचपलं आणि जाता जाता आक्काला म्हणाली, "हा बराय, मावशी. आमच्या आधीच्या कारखान्यातला लोखंडी होता."