कापसावरचा गुलाबी थेंब

मी एक म्हातारा, कान फाटलेला बोका आहे. नाव भुऱ्या, मुक्काम देवळीजवळच्या एका खेड्यात, धुरपताबाईंच्या घरी. मित्रांनो, शेवटी मी माफी मागेन असं तुम्हाला वाटत असेल, तर आधीच सांगतो, मागणार नाही.

वेचणी झाली की आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस पुढच्या खोलीत रचून ठेवतात. त्यात उंदरांनी घरं करू नयेत म्हणून मला ठेवलेलं. मी इमानाने नोकरी केली. धुरपताबाई पाहुण्यांसमोर माझं कौतुक करायच्या आणि मीही ऐटीत बसून ऐकायचो.

गेल्या हिवाळ्यात माझी लघवी अडकली. अंगणातल्या मातीत बसून जोर लावला, काही आलं नाही. चुलीच्या राखेत बसलो, तिथेही तेच. शेवटी मऊ म्हणून कापसावर जाऊन बसलो. भयंकर आग होत होती, म्हणून मी ओरडत होतो.

"पाह्य वं, मुतून राह्यला मेला कापसावर! डाग पडला तं कोन घेईन?" धुरपताबाई झाडू घेऊन धावल्या. पाठीत दोन बसले. मी बाहेर पळालो आणि खिडकीतून परत आत आलो. मी नुसताच जोर लावतोय हे बघून मग त्यांना वाटलं, पोट साफ होत नसेल. "दीपमाला, याले एरंडेल पाजजो," त्यांनी सुनेला सांगितलं. एरंडेल! मी दीपमालाच्या हातावर ओरखडा काढला आणि पुन्हा कापसावर चढलो. इतका हट्टी नसतो तर आज ही गोष्ट सांगायला उरलो नसतो.

मला उचलताना दीपमालाने माझ्या खालचा कापूस चाचपला.

"आई, थांबा. कापूस तं कोरडाच हाय. हा येवढा गुलाबी थेंब दिसते फक्त. रक्त होय हे. याले लघवी होऊनच नाई राह्यली."

धुरपताबाई वाकून बघत राहिल्या. झाडू त्यांनी खाली ठेवला. "मंग उद्या सकाळी नेजो."

"उद्या नाई, आत्ताच," म्हणत दीपमालाने मला भाजीच्या टोपलीत घातलं आणि स्कूटी काढली.

देवळीच्या डॉक्टरांनी माझ्या पोटाला हळूच हात लावला. "बोक्याच्या लघवीची वाट लई बारीक असते. पूर्ण बंद झाली तं दिवस-दोन दिवसांत जीव जाते. घरी पोट दाबू नका, काही पाजू नका, सरळ घेऊन या." मग गुंगीचं इंजेक्शन दिलं, बारीक नळी घातली आणि मी मोकळा झालो. इतकं सुख मला दुधानेही कधी दिलं नव्हतं.

आता घरात जागोजागी माझ्यासाठी पाण्याच्या वाट्या आहेत. जेवणही पातळ कालवून मिळतं. मी मातीत बसलो की धुरपताबाई मागे येतात आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारतात, "झाली का रे भुऱ्या?" मला त्याची लाज वाटत नाही.

मित्रांनो, तुमचं मांजर भलत्या जागी बसलं, सारखं सारखं बसलं, कण्हलं, तर झाडू शोधू नका. हात लावून बघा, जागा ओली आहे की कोरडी. कोरडी असेल किंवा रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा. मुक्या जनावराला सांगता येत नाही, असं तुम्ही म्हणता. मी तर तुमच्या वर्षभराच्या पिकावर चढून ओरडत होतो. आणखी किती मोठ्याने सांगायचं होतं?