बर्फताईंचा पारा

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना विद्यार्थी पाठीमागे बर्फताई म्हणायचे. कुणी गिअर चुकवो, कुणी फुटपाथवर चाक चढवो, त्या आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय दाबून एवढंच म्हणायच्या, "काही बिघडलं नाही. पुन्हा करू." सत्तेचाळिशी गाठेपर्यंत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

म्हणूनच त्या सकाळी मोठ्या चौकात जे झालं, त्याचा सगळ्यात जास्त धक्का त्यांनाच बसला.

गाडी चालवत होत्या एक काकू, साठीला टेकलेल्या. नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. त्यांना व्यायामाला न्यायचं तर दर वेळी कुणाच्या तरी विनवण्या कराव्या लागायच्या, म्हणून या वयात शिकायला आलेल्या. सिग्नल सुटला, काकूंचा पाय क्लचवरून सटकला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. बर्फताईंच्या छातीतून गरम लाट उठली ती थेट डोक्यात गेली.

"अहो, किती वेळा सांगायचं? तुम्हाला हे जमणार नाही. उगाच माझा वेळ खाऊ नका."

काकूंनी गाडी चालू केली, अगदी व्यवस्थित कडेला लावली, पर्स उचलली आणि उतरून चालू लागल्या. बर्फताई घामाने थबथबून बसून राहिल्या. बाहेर चांगला गारवा होता.

घरी तरी कुठे वेगळं होतं? पलंगावर ओला टॉवेल दिसला म्हणून त्या लेकीवर उखडल्या, आणि पाचच मिनिटांत मोरीत जाऊन हमसून हमसून रडल्या. नवरा तर हल्ली घरात पाहुण्यासारखा वावरायचा.

लेक दाराशी येऊन म्हणाली, "आई, तुझ्याशी बोलायची भीती वाटते गं."

ते मात्र त्यांना लागलं. कित्येक महिने झोप मोडत होती, पाळी कधी पंधरवड्यात तर कधी तीन-तीन महिने नाही, आणि त्या मात्र 'दगदग होतेय' म्हणून स्वतःची समजूत घालत होत्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्या घराजवळच्या डॉक्टरांकडे गेल्या.

"वयाचं असतं हे," डॉक्टर म्हणाले. "मन रमवा कशात तरी."

"मन कामात चांगलं रमलं होतं, डॉक्टर. आता रमत नाही, म्हणून तर आले."

त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. बर्फताईंनी त्या घेतल्या नाहीत. चौकशी करून त्यांनी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची वेळ मिळवली. या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, थायरॉइड आणि रक्त तपासलं, रक्तदाब पाहिला.

"पाळी जायच्या आधी काही वर्षं हार्मोन्स असे वरखाली होतात," त्या म्हणाल्या. "झोप, घाम, राग, रडू, विसरणं, सगळ्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो."

"म्हणजे मला वेड लागत नाहीये?"

"अजिबात नाही. आणि मुकाट्याने सोसायचीही गरज नाही." त्यांनी औषधाचे फायदे आणि धोके दोन्ही समजावले. विचार करून बर्फताईंनी औषध सुरू केलं.

रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला आणि लेकीला सरळ सांगून टाकलं. "मला काय होतंय ते आता कळलंय. मी चिडले तर गप्प बसू नका, मला सांगा. फक्त त्याच क्षणी नको, थोड्या वेळाने." नवरा कितीतरी दिवसांनी हसला.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांशी बोलणं जास्त अवघड गेलं, पण ते मालकांना. 'पाळी' हा शब्द ऐकताच ते पंख्याकडे बघायला लागले. "भर दुपारचे धडे दुसऱ्यांना द्या, सकाळचे मला," असं बर्फताईंनी म्हणताच मालक घाईघाईने "हो, हो, घ्या ना" म्हणाले आणि सुटले.

राहिल्या काकू. बर्फताई त्यांच्या घरी गेल्या. काकूंनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"मी चुकले. मला हार्मोन्सचा त्रास होतोय, उपचार घेतेय. पण तेवढ्याने तुम्हाला बोलले ते माफ होत नाही, हेही मला कळतं. तुम्हाला जमणार नाही हे खोटं होतं. उद्या येता का?"

"तुमच्या वयाची असताना मी भरलेली पातेली अंगणात भिरकावली होती," काकू म्हणाल्या. "सगळे म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. मलाही तेच वाटलं. डॉक्टरकडे जायचं असतं हे कुणाला ठाऊक?" मग त्या दारातून बाजूला झाल्या. "या आत. चहा टाकते."

औषधाचा गुण यायला काही आठवडे गेले. वाईट दिवस येतच राहिले. लाट आली की बर्फताई म्हणायच्या, "काकू, जरा बाजूला घ्या." काच खाली करून दोघी जरा वारा घ्यायच्या आणि पुन्हा निघायच्या. पहिल्या परीक्षेत काकू रिव्हर्सला नापास झाल्या. "पुढची तारीख घेते," म्हणाल्या, आणि घेतलीच.

हिवाळा सरता सरता रस्त्यात एक गाडी बर्फताईंच्या शेजारून पुढे गेली. स्टिअरिंगवर काकू होत्या, ताठ मानेने. शेजारच्या सीटवर काका, दारावरची मूठ घट्ट धरून, काहीतरी सूचना करत होते. काकूंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं आणि वळल्या.