साक्षीदार कोंबडी

मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी निरीक्षकबाईंनी दोन नंबरच्या चिलरच्या दाराला लाल पट्टी चिकटवली, तिच्यावर तारीख टाकली आणि पेनाला टोपण लावलं. आत सहाशे चाळीस कोंबड्या होत्या, साफ केलेल्या, पाकीटबंद. प्रत्येक पाकिटावर हिरव्या अक्षरांत ‘ताजी’ असं छापलेलं होतं. सगळा घोळ त्या एका शब्दाचा होता.

नियम तसा सोपा आहे. कोंबडी कापल्यापासून विकली जाईपर्यंत तिच्या आतलं तापमान एकदाही उणे तीन अंशांच्या खाली गेलेलं नसेल, तरच तिला ताजी म्हणायचं. एकदा जरी गेलं तरी नाही. मग ती हाताला कितीही मऊ लागो. शिवाय हे नुसतं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. त्यासाठी दर लॉटमधली एक कोंबडी बाजूला काढून तिच्या छातीत तापमापकाची सळई खुपसून ठेवतात. सळईची वायर दाराबाहेरच्या डब्यात जाते आणि डब्यातलं पेन गोल कागदावर रात्रभर रेघ ओढत बसतं. सकाळी तो कागद पाहून एका माणसाने सही करायची. या कारखान्यात त्या कोंबडीला साक्षीदार म्हणत आणि सही करणाऱ्या माणसाला वहिनी.

वहिनी म्हणजे मालकांची थोरली सून. बेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलांच्या परीक्षांच्या मधे वेळ काढून, त्यांनी लेबलांची सरकारी परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या. घरात शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या त्या पहिल्याच. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, ते स्वतः खिळा ठोकून ऑफिसात लावलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, अगदी बॉक्स पोचवायला आलेल्या माणसालाही, ते दाखवून झालं होतं. हे प्रमाणपत्र रद्द झालं तर तीन वर्षं पुन्हा परीक्षेला बसता येत नाही, आणि प्रमाणपत्र असलेला माणूस नसेल तर कारखान्याला पाकिटावर ‘ताजी’ छापता येत नाही. लाल पट्टी लागली होती चिलरला, पण टांगणीला लागल्या होत्या वहिनी.

त्यांचीही चूक झालीच होती. पावणेसातला त्या आल्या, स्वेटर चढवला, डब्यातून गोल कागद काढला. पेन उणे दोनवर उभं होतं. उणे दोन म्हणजे उणे तीनच्या वर. ठोकली सही. रेघ आता कुठे उभी आहे ते त्यांनी पाहिलं. ती कुठून चालत आली ते पाहिलं नाही. सात महिने ती रोज त्याच जागेवरून निघून त्याच जागी पोचत होती. अशा रेघेवर माणूस किती दिवस डोळ्यांत तेल घालून बसणार?

दहा मिनिटांनी निरीक्षकबाई आल्या. न सांगता येणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग.

“चहा घेणार ना, मॅडम?”

“आधी कागद. चहा पोटात गेला की माझी नजर मऊ होते.”

कागद त्यांनी टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि रेघेवरून बोट सावकाश फिरवलं. पॅकिंगवरची मुकादम मावशी दारातून डोकावून गेली, मग काहीतरी विसरल्यासारखं करून परत आली.

“वहिनी,” निरीक्षकबाई म्हणाल्या, “ही कोंबडी रात्रभर काय करत होती?”

“म्हणजे?”

“संध्याकाळी पाचला उणे चौदा. नऊला उणे सहा. पहाटे उणे दोन. चिलरमध्ये ठेवलेलं सामान थंड होतं, असा आपला माझा बावीस वर्षांचा समज. तुमची कोंबडी चिलरमध्ये जाऊन गरम होत गेली.”

मावशीला हसू फुटलं, ते तिने खोकल्यात बसवलं. वहिनींनी कागदाकडे पाहिलं. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांची सही होती, ठसठशीत, तारखेसकट.

निरीक्षकबाई वाईट नव्हत्या. त्यांनी पिशवीतून एक फॉर्म काढला.

“सळई बिघडली असेल. होतं असं. ‘सळई सदोष आढळली, नवी बसवत आहोत’ एवढं लिहा, खाली सही करा. मी चारदोन पाकिटं हातातल्या तापमापकाने बघते. ठीक निघाली तर गाडी सोडा. पुढच्या खेपेला नवी सळई दाखवा, विषय संपला.”

वहिनींनी पेन उचललं. मग खाली ठेवलं.

“एकदा साक्षीदार बघून येते.”

चिलरमध्ये पंखा घरघरत होता. साक्षीदार नेहमीच्या जागी होती, वायर पोचावी म्हणून दाराजवळच्या मांडणीवर. वहिनींनी तिच्यावर बोट दाबलं. वरचा थर जरासा दबला आणि खाली दगड लागला. त्यांनी सळई उपसून तिला उजेडाकडे वळवलं. छातीवर भोकं होती. एक नाही, दोन नाही. सतरापर्यंत मोजून त्यांनी नाद सोडला, कारण पुढची एकमेकांत मिसळली होती.

कोणाचं काम हे, असं विचारायची गरजच नव्हती. साक्षीदाराला सळई लावायचं काम अप्पांचं. सत्तरी ओलांडल्यावर मुलांनी त्यांच्या हातातून एकेक काम गोड बोलून काढून घेतलं होतं. हे एक उरलं होतं, आणि त्याला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

वहिनी दोनएक मिनिटं तिथेच उभ्या राहिल्या. बाहेर फॉर्म तयार होता. सळईला तोंड नव्हतं. तिच्यावर आळ घेतला असता तर ती काही बोलली नसती. अप्पांचं काम त्यांच्याकडे राहिलं असतं, गाडी सुटली असती, प्रमाणपत्र भिंतीवर राहिलं असतं. पण आज सकाळी एका कागदावर न पाहता सही झाली होती. आता दुसऱ्यावर पाहूनसवरून खोटी करायची. तेवढं त्यांना जमेना. त्यांनी कोंबडी ट्रेमध्ये घातली आणि बाहेर नेऊन निरीक्षकबाईंसमोर ठेवली.

निरीक्षकबाईंनी चष्मा पुसला. “ही साक्षीदार आहे का चाळणी?”

नेमके तेव्हाच अप्पा आले. पायात गमबूट, काखेत पेपर. त्यांनी ट्रेकडे पाहिलं.

“हिला बाहेर कोणी काढलं?”

“मी काढलं, अप्पा. किती दिवसांची आहे ही?”

“कोण, ही?”

“अप्पा.”

“तीन आठवडे झाले असतील,” अप्पा म्हणाले. “हिच्या आधीची जास्त टिकली.”

मुकादम मावशी मोजून झालेले बॉक्स पुन्हा मोजायला निघून गेली.

अप्पांनी खुर्ची ओढली. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. उलट कुणीतरी शेवटी विचारलं याचा त्यांना आनंदच झालेला दिसला. “असं आहे मॅडम, सळई घातली की भोक पडतं. भोक पडलेली कोंबडी मी आजवर गिऱ्हाइकाच्या पिशवीत घातलेली नाही. आणि चांगलीचुंगली कोंबडी रोज एक फेकून द्यायची, ते माझ्या हाताला होत नाही. म्हणून एकच ठेवली. रात्रीचं काम झालं की डीप फ्रीजमध्ये. सकाळी दहाला बाहेर काढायची, उबेला ठेवायची, संध्याकाळपर्यंत पार सुटते. मग पुन्हा ड्युटीवर.”

“आणि काल?”

“काल सकाळी दाताच्या डॉक्टरकडे गेलो, काढायची राहिली. म्हटलं, एक दिवस तशीच लावू. काय फरक पडतो?”

“पण कोंबडी त्याच लॉटमधली हवी, असं नियमात आहे.”

“नियमाला चिलर थंड आहे का ते बघायचंय ना? मग कोंबडी लावा नाहीतर काकडी लावा. चिलर तेवढाच थंड.”

“चिलरचं नाही, अप्पा, कोंबडीचं बघायचंय,” वहिनी म्हणाल्या.

“हे मला कोणी सांगितलं नाही.”

“मी सांगितलं होतं. सात महिन्यांपूर्वी, याच टेबलावर. तुम्ही पेपर वाचत होतात.”

“मग पेपर वाचणाऱ्या माणसाला का सांगतेस?”

निरीक्षकबाईंनी मागची फाइल मागवली. सात महिन्यांचे गोल कागद त्यांनी पत्त्यांसारखे टेबलावर पसरले. सगळे जुळ्या भावंडांसारखे. फाइलच्या आतल्या पानावर मागच्या भेटीतला शेरा होता, ‘नोंदी उत्तम’, खाली त्यांचीच सही. तो त्यांनी वाचला आणि पान जरा घाईनेच उलटलं. वहिनींना ते दिसलं.

मग काम सुरू झालं. निरीक्षकबाईंनी लॉटच्या वेगवेगळ्या रांगांमधून आठ पाकिटं काढायला लावली, आठही कोंबड्यांत स्वतःची सळई घातली, आकडे लिहून घेतले. सगळ्यात कमी भरलं अधिक शून्य दशांश आठ, सगळ्यात जास्त अधिक एक दशांश सहा. अप्पा प्रत्येक भोकाला चुकचुकले.

“कोंबड्या ताज्या आहेत,” निरीक्षकबाई म्हणाल्या. “मला पटलंय. तुम्हाला तर माहीतच आहे. कागदाला माहीत नाही. रात्रभर यांचं तापमान काय होतं याची नोंद हवी, आणि नोंद आहे ती या बाईंची.” त्यांनी ट्रेकडे हात केला. “एक मार्ग आहे. हिरवी लेबलं काढा, ‘आधी गोठवलेली’ अशी लावा. आत्ता गाडी सोडते.”

“जी गोठलीच नाही तिच्यावर गोठवलेली लिहायचं?” अप्पा म्हणाले. “मग खोटं लेबल कुठलं झालं, मॅडम? पहिलं का दुसरं?”

निरीक्षकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “हा मुद्दा मी वर कळवते.”

“आणि त्या दुसऱ्या लेबलावर सही कोणाची लागेल?” वहिनींनी विचारलं.

“तुमचीच.”

“मग नको.”

म्हणून पट्टी लागली.

आठ वाजता वहिनींच्या नवऱ्याचा फोन आला. तो रिकामी गाडी घेऊन माल भरायच्या धक्क्यावर उभा होता.

“अगं, हॉस्पिटलच्या किचनमधून दोनदा विचारलं. किती वेळ?”

“आज गाडी जात नाही म्हणून कळवा. चिलरला सील लागलंय.”

“का? काय झालं?”

“अप्पांनी एकच साक्षीदार तीन आठवडे वापरली.”

नवरा सावकाश म्हणाला, “मागच्या महिन्यात त्यांनी घरी एक कोंबडी आणली होती. चार तास शिजवली तरी चावत नव्हती ती.”

“हो.”

“तीच का?”

“तीच. हिच्या आधीची.”

“मी दोनदा वाढून घेतलं होतं गं,” नवरा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुपारच्या नव्या लॉटला सळई वहिनींनी स्वतः लावायची ठरवली. अप्पा शेजारी उभे राहिले, कोंबडी निवडायचं तेवढं त्यांनी मागून घेतलं. निवडली ती सगळ्यांत बारीक, एक पंख जरा मोडलेली. वहिनींनी ती परत ठेवली आणि मधल्या रांगेतली उचलली. सळई आत जाताना अप्पांनी मान फिरवली.

बुधवारी कार्यालयातून छापील खुलासापत्र आलं. ‘नोंदीचे उपकरण कोणी लावले’ अशी त्यात एक ओळ होती. वहिनींनी आपलं नाव लिहायला घेतलं तसे अप्पा टेबलाशी आले.

“तिथे माझं लिही.”

“जबाबदार मी आहे, अप्पा. प्रमाणपत्र माझं आहे.”

“जबाबदार तू अस की. लावली मी.”

“तुमचं नाव कार्यालयात गेलं तर तुम्हाला पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकू देणार नाहीत. वर्षभर तरी.”

अप्पांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी चिलरच्या दाराकडे पाहिलं, मग पट्टीकडे, मग आपल्या गमबुटांकडे.

“वर्षभर म्हणजे किती,” ते म्हणाले. “लिही. आणि नीट अक्षरात लिही, नाहीतर म्हणतील म्हाताऱ्याने गिरगटलं.”

वहिनींनी लिहिलं. ‘उपकरण सासऱ्यांनी लावले. नोंद न तपासता सही मी केली.’ दोन वाक्यं, खाली दोन सह्या. मुकादम मावशीने पत्र स्वतः कार्यालयात नेऊन दिलं आणि पोच आणली. तिथल्या कारकुनाने सांगितलं, की फॉर्ममध्ये एकाच सहीची जागा आहे, दुसरीचं काय करायचं ते विचारून कळवतो.

गुरुवारी काही कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी चार वाजता फोन आला. सुनावणी सोमवारी सकाळी अकराला. लॉटचा निर्णय आणि प्रमाणपत्राचा निर्णय एकाच वेळी होईल. वरिष्ठांनी निरीक्षकबाईंनाही हजर राहायला सांगितलं आहे, त्यांच्या जुन्या शेऱ्यासह.

“पण लॉटची मुदत रविवारी संपते,” वहिनी म्हणाल्या.

“बरं,” कारकून म्हणाला. “टिपून घेतो.”

“टिपून घेऊन काय होईल?”

“टिपलेलं राहील, मॅडम.”

पाच वाजता दोन नंबरचा चिलर अधिक एकवर होता आणि पट्टी जागच्या जागी होती. दुसऱ्या सहीबद्दल कार्यालयाने अजून काही कळवलेलं नाही.